स्टुडिओची किल्ली कुणाकडे असते?

प्रति,
मा. सदस्य, संगीत अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

विषय : विभागातले कुलूपबंद स्टुडिओ रात्री उघडे ठेवण्याबाबत, आणि त्या निमित्ताने एका अकॉर्डियनवाल्या बाईंबद्दल.

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तुमच्याकडे सध्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. श्रेयांक किती, प्रात्यक्षिकाला गुण किती, कुठला पेपर कुठल्या सत्रात, यावर बैठका होत असतील. त्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी हे पत्र पडावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी ध्वनिमुद्रक आहे. मिरजेत वाढले, पुण्यात पोट भरते. दिवसा मालिकांचं डबिंग आणि माहितीपटांचं लोकेशनवरचं रेकॉर्डिंग. रात्री जे करते त्याला मराठीत अजून धड नाव नाही. कुणी साउंड आर्ट म्हणतं, कुणी ध्वनिकला, आणि आमची आई ‘ते तुझं घूं घूं’ म्हणते. त्यातल्या त्यात आईचा शब्द बरोबर आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) मी अर्ज केला होता. विभागाकडे कोरा करकरीत स्टुडिओ होता. भिंतींना फोम, काचेपलीकडे मिक्सर, आणि दोन उत्तम कंडेन्सर माइक, ज्यांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा निघालेली नव्हती. मला तिथे तीन रात्री हव्या होत्या. जुन्या बाजारातून गोळा केलेल्या पाच पेट्या एकदम वाजवून मला काहीतरी ऐकायचं होतं. समितीनं बोलावलं. सगळ्यांनी अर्ज वाचला. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, “बरं, पण राग कोणता?”

म्हटलं, राग नाही.

“मग ताल?”

तालही नाही.

“मग वाजवणार काय, बाई?”

म्हटलं, दोन सूर.

अर्ज ‘नियमात बसत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. स्टुडिओ साडेपाचला बंद होतो आणि किल्ली भांडारपालांच्या कपाटात असते, हे बाहेर पडताना शिपाईमामांनी सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

त्या सदस्यांचा मला राग आला नाही. माणूस सरळ होता, प्रश्नही सरळ होता. आपल्या संगीतशिक्षणाला विचारता येतील असे प्रश्न दोन-तीनच आहेत, आणि त्यांनी ते सगळे विचारून पाहिले. पण ‘दोन सूर’ हे उत्तर मी चेष्टेनं दिलं नव्हतं. ते नीट समजावायचं तर मला अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला जावं लागेल.

तिथे १९३२ साली संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस जन्मल्या. आई आणि आजी दोघी पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. महायुद्धाच्या काळात आईनं स्वतः शिकून शिकवण्यासाठी म्हणून घरात अकॉर्डियन आणलं आणि लेकीनं ते पळवलं. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची चुलत बहीण. तीच धातूची पातळ पत्ती, तोच भाता. फक्त मांडीसमोर ठेवायच्या ऐवजी छातीला बांधायचं. आणि दोघींच्या वाट्याला आलेला अपमानही एकाच घराण्यातला. तिकडे अकॉर्डियन म्हणजे पोल्का आणि लग्नातली नाचगाणी, गंभीर संगीताच्या दारात त्याला उभं करत नसत. इकडे गोविंदराव टेंब्यांनी ज्या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याला १९४० साली रेडिओनं स्टुडिओबाहेर काढलं, आणि जवळपास तीस वर्षं ते बाहेरच बसून राहिलं.

ऑलिव्हेरोसबाईंना लहानपणी रेडिओ आवडायचा, पण स्टेशनवरचा नाही. दोन स्टेशनांच्या मधला. वडिलांच्या शॉर्टवेव्ह रेडिओचं बटण फिरवताना येणाऱ्या शिट्ट्या, खरखर, घूं घूं. आमच्याकडेही बाबा बटण पिळत आणि ती शीळ वर चढून खाली यायची. ‘लागलं एकदाचं’ म्हणून बाबा हात काढायचे तेव्हा मला वाटायचं, अरेरे, लागलं. ही गोष्ट मी चाळिशीपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. तशी आणखी एक मुलगी जगात होऊन गेली हे कळल्यावर केवढा धीर आला म्हणून सांगू.

अकॉर्डियन शिकवायला त्यांना विलार्ड पामर नावाचे गुरू मिळाले. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट बाईंना जन्मभर पुरली. दोन सूर मोठ्यानं, एकदम धरायचे आणि तिसरा ऐकायचा. जो वाजवलेलाच नाही तो.

तुमच्या विभागात पेटी असेलच. करून बघा. तार षड्ज आणि तार सप्तकातला शुद्ध गंधार एकदम दाबा, भाता भरपूर द्या, कान पेटीजवळ आणा आणि त्या दोन सुरांकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. थोड्या वेळानं खाली मंद्रात कुणीतरी गुणगुणल्यासारखं वाटेल. हिशेब वजाबाकीचा आहे. सा सेकंदाला ४०० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार ५०० चा. वजाबाकी १००, म्हणजे ४०० च्या बरोबर दोन सप्तकं खाली, पुन्हा सा. आपल्या नेहमीच्या पेटीचा गंधार किंचित चढा असतो, त्यामुळे तो खालचा सा पण चढा ऐकू येतो. पत्ती घासून गंधार उतरवून घ्या, खालचा सा जागेवर येऊन बसतो. तुमच्यापैकी जे पेटीला नावं ठेवतात त्यांना हा पुरावा फार आवडेल.

मिरजेच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत शाळेतून येता-जाता भोपळे वाळत पडलेले दिसायचे. कारागीर जवारी (तारेची ती घुमणारी झणकार) काढताना तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, थांबायचा, ऐकायचा, केसभर आणखी सरकवायचा. तंबोऱ्यातून गंधार आपोआप उमटतो हे तिथे पोराटोरांना ठाऊक असतं. फरक एवढाच की तंबोऱ्याचा गंधार तारेतच असतो, आणि दोन सुरांतून निघणारा हा तिसरा बहुतांशी आपल्या कानाच्या आत तयार होतो. म्हणजे ऐकणाराच वाजवणारा. ‘तानसेन नाही तर कानसेन तरी व्हा’ असं आपण समारंभात श्रोत्यांना गोंजारत म्हणतो. पण त्या ‘तरी’मध्येच सगळं आलं. कानसेन म्हणजे ज्याला गाता आलं नाही तो. विशारदपर्यंतच्या सगळ्या परीक्षा मी दिल्या. ‘गप्प बस आणि दहा मिनिटं ऐक’ असं एकाही परीक्षकानं सांगितलं नाही.

असो. तर हा दोन सुरांचा धडा घेऊन ऑलिव्हेरोस १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. वय वीस, जवळ अकॉर्डियन आणि ३०० डॉलर. पोटासाठी शिकवण्या. १९५३ च्या वाढदिवसाला आईनं टेपरेकॉर्डर दिला. त्यांनी माइक खिडकीत ठेवला, बाहेरचं जे काय चाललं होतं ते टेप केलं आणि परत ऐकलं. टेपमध्ये असे आवाज होते जे खिडकीशी बसून त्यांना ऐकूच आले नव्हते. माइकनं ऐकलं होतं, कानानं वगळलं होतं. त्या दिवसापासून स्वतःला एक शिस्त लावून घेतली: सगळं, सगळा वेळ ऐकायचं, आणि ऐकत नसलो की स्वतःला तशी आठवण करून द्यायची.

पुढे पासष्ट वर्षं नाही, पण साठएक वर्षं त्यांनी एवढंच केलं. आणि मला तुमचं लक्ष वेधायचं आहे ते या ‘एवढंच’कडे. त्यांची कारकीर्द कागदावर मांडायला गेलं तर ती गोंधळाची दिसते: अकॉर्डियन, टेप, ऑसिलेटर, ध्यान, कराटे, पाण्याची टाकी, सॉफ्टवेअर. तुमच्या नेमणूक समितीपुढे असा बायोडाटा आला तर ‘नेमकं स्पेशलायझेशन काय?’ असं विचारलं जाईल. आतून मात्र धागा एकच आहे, सोळाव्या वर्षी हातात आलेला.

१९६१ मधली त्यांची पहिली टेपवरची रचना घ्या. स्टुडिओ नव्हता. आवाज घुमावा म्हणून न्हाणीघरातला टब वापरला, आवाज गाळायला पुठ्ठ्याच्या नळ्या लावल्या आणि टेपचा वेग हातानं रीळ फिरवून बदलला. किंवा १९६५ ची ‘बाय बाय बटरफ्लाय’. त्यात दोन ऑसिलेटर (विजेवर सूर काढणारी यंत्रं), दोन टेपरेकॉर्डर एकाच टेपनं जोडलेले, आणि तिथे हाताशी असलेली पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेराची तबकडी. आठेक मिनिटांचं काम, एका दमात वाजवून टेप केलेलं. त्या काळात त्या ऑसिलेटर कानाला ऐकू न येणाऱ्या उंचीवर नेऊन ठेवत. समजा एक ४०,००० वर, दुसरा ४०,२०० वर. दोन्ही ऐकू येत नाहीत, आणि २०० कंपनांचा सूर मात्र खोलीत हजर! पामर गुरुजींचा अकॉर्डियनचा धडा, फक्त यंत्र बदललं. हे मला कळलं तेव्हा मध्यरात्री हेडफोन काढून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायले.

सगळंच असं अंगावर काटा आणणारं नाही, हेही सांगते. त्यांच्या काही दीर्घ रचना ऐकताना मला झोप लागली आहे. काही ठिकाणी वाटतं, बाई, संपवा आता. पण बाईंना बहुधा त्यावर हरकत नसती.

आता किल्लीकडे येते. कारण ही सगळी हकिकत मला तेवढ्यासाठीच सांगायची होती. टबात आवाज घुमवणाऱ्या बाईंना पुढची दारं उघडली कुणी?

१९६२ मध्ये रॅमन सेंडर आणि मॉर्टन सुबॉटनिक या दोन संगीतकारांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटर काढलं. ऑलिव्हेरोस पहिल्यापासून त्यांच्या बरोबर. तिघा-चौघांनी आपापली यंत्रं एकत्र आणून ठेवायची आणि पाळीपाळीनं वापरायची, एवढीच कल्पना. पुढच्या वर्षी ते ३२१, डिव्हिसाडेरो स्ट्रीट या इमारतीत आले. शेजारी ॲना हॅल्प्रिनचा नृत्याचा वर्ग, आणि केपीएफए या रेडिओचाही तिथे वावर. तिथेच डॉन बुक्ला या तंत्रज्ञानं या मंडळींसाठी आपला पहिला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, बांधला. तिथेच नोव्हेंबर १९६४ मध्ये टेरी रायली या संगीतकाराच्या ‘इन सी’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला, वादकांत ऑलिव्हेरोस होत्या. हाच रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंध शिष्य झाला. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे त्या गावच्या मुलीनं हे वाक्य लिहिताना जरा ताठ बसणं तुम्ही माफ कराल.

लक्षात घ्या, हे विद्यापीठ नव्हतं. पदवी नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. पण विद्यापीठांचं कामही तिथूनच सुरू होतं. केंद्राला रॉकफेलर फाउंडेशनचं अनुदान मिळालं ते एका अटीवर, की एखाद्या शिक्षणसंस्थेच्या छपराखाली जा. १९६६ मध्ये ते ओकलंडच्या मिल्स कॉलेजात गेलं आणि पहिल्या संचालक ऑलिव्हेरोस झाल्या. मिल्सनं त्यांना ‘राग कोणता?’ विचारलं नाही. उलट १९७० च्या दशकात त्या कॉलेजचा स्टुडिओ बाहेरच्या माणसांनाही वापरायला मिळत असे. विद्यार्थी नसलेल्या माणसांना! किल्ली घ्या, काम करा, किल्ली ठेवून जा.

१९६७ पासून चौदा वर्षं त्या सॅन डिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत होत्या. १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्यांनी ‘लेडी कंपोझर’ या शब्दाचा समाचार घेतला. (मला आजही ‘महिला साउंड रेकॉर्डिस्ट’ म्हणून व्यासपीठावर बोलावतात आणि नारळ देतात.) त्याच सुमारास बायकांचा एक गट जमवून त्या सराव घेऊ लागल्या. त्या सूचना पुढे ‘सोनिक मेडिटेशन्स’ नावानं प्रसिद्ध झाल्या. त्यांत स्वरलेखन नाही, साध्या वाक्यांत काय करायचं ते सांगितलेलं. एकीत म्हटलंय की रात्री चालायला निघा आणि इतकं बिनआवाज चाला की तळपायांचे कान होतील. वारीत पहाटे चाललेल्या माणसाला हे कदाचित प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल.

मग १९८१ मध्ये त्यांनी त्या कायमच्या प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. हो, पूर्ण प्रोफेसर, कायम, विद्यापीठात. तुमच्यापैकी काहींनी इथे चष्मा काढला असेल. त्यांना स्वतःच्या कामाला वेळ हवा होता, म्हणून न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनच्या बाजूला जाऊन राहिल्या आणि मैफली, कार्यशाळा, स्वतःची छोटी संस्था यांवर गुजराण केली. यात मला काही रम्य दिसत नाही. नोकरी सोडणाऱ्याचं कौतुक करायला नोकरीत असणाऱ्यांना फार आवडतं. मला एवढंच दिसतं की चांगल्या विद्यापीठातसुद्धा चौदा वर्षांनी वेळ कमी पडला.

आणि मग ती टाकी. वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंड गावी फोर्ट वॉर्डन नावाचा जुना लष्करी तळ आहे. तिथे जमिनीखाली चौदा फूट खोल, वीस लाख गॅलन पाणी मावेल अशी गोल टाकी रिकामी पडलेली. ऑक्टोबर १९८८ मध्ये ऑलिव्हेरोस, ट्रॉम्बोनवादक स्टुअर्ट डेम्पस्टर आणि पनायोटिस नावाचा गायक त्यात शिडीनं उतरले. आत आवाज ४५ सेकंद घुमतो. एक सूर सोडला की पाऊण मिनिट तो तिथेच असतो. त्यावर दुसरा सोडला की पहिल्याशी त्याचं जुळतं किंवा भांडण लागतं, आणि तुम्ही काही करू शकत नाही, फक्त ऐकू शकता. चूक पुसता येत नाही, पाऊण मिनिट तिच्याबरोबर राहावं लागतं. तोपर्यंत बाईंनी आपलं अकॉर्डियन शुद्ध श्रुतींत लावून घेतलं होतं. त्यामुळे न वाजवलेले खालचे सूर त्या टाकीत नुसते उमटत नव्हते, मुक्कामाला येत होते. जमिनीखाली खोल ऐकलं म्हणून गमतीनं नाव ठेवलं, डीप लिसनिंग. ती कोटी पुढे एका अख्ख्या पद्धतीचं नाव झाली. तिचे वर्ग निघाले, केंद्र निघालं. मला ती कोटी होती तेव्हाच जास्त आवडते.

इथे मला नेहमी कात्रजची आठवण होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळातली ती भुयारी पाणीयोजना, आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणी हवा खेळायला ठेवलेले उच्छ्वास. काय शब्द आहे! जमिनीखालच्या नळाला भाता होता आणि आपण त्याला उच्छ्वास म्हणत होतो. कार्ल्याच्या चैत्यात एकदा टाळी वाजवून बघा. आपल्याकडे घुमणाऱ्या जागांचा दुष्काळ नाही. उतरायला शिडी आणि परवानगी लागते, एवढंच.

आता जवळची गोष्ट. १९६४ च्या वसंतात त्याच डिव्हिसाडेरो स्ट्रीटवर डेव्हिड ट्यूडर या पियानोवादकाच्या सन्मानार्थ महोत्सव झाला. ट्यूडर आणि ऑलिव्हेरोस यांनी त्यात एक युगलवादन केलं. अकॉर्डियन त्यांचं, बँडोनियन (तसंच एक भात्याचं वाद्य) त्याचं, दोघं एका सी-सॉच्या दोन टोकांना गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर बसलेले, आणि वर पिंजऱ्यात एक मैना. मैनेला भाग लिहून दिलेला नव्हता. बोलली तर बोलली. हाच ट्यूडर पाच वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादला आला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं ‘मूग’ नावाचा सिंथेसायझर बसवून दिला. पुढाकार गीता साराभाईंचा. या त्याच, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफायचं पाश्चात्त्य तंत्र, शिकल्या. त्या स्टुडिओत गीताबेन, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीवर, जगात फार थोड्या ठिकाणी असलेलं ते यंत्र आपल्या माणसांच्या हातात होतं.

तीनेक वर्षं. मग थांबलं. सत्तावीस रिळं संस्थेच्या संग्रहात राहिली. पॉल पुर्गास या ब्रिटिश कलावंतानं ती शोधून, दुरुस्त करून घेतली आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक ध्वनींचा अल्बम बाहेर आला. पन्नास वर्षांनी. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा कौतुकापेक्षा हिशेबच डोक्यात आला. १९६९ ला वीस वर्षांचा असलेला एखादा मराठी मुलगा, ज्याला रेडिओची दोन स्टेशनांमधली शीळ आवडत असेल, त्यानं ते ऐकलं असतं तर? तो मुलगा आता पंचाहत्तरीत असेल. कुठल्यातरी बँकेतून निवृत्त झाला असेल. ऑलिव्हेरोस आणि त्याच्यात कानाचा फरक असेलच असं नाही. तिकडे एका दारानंतर दुसरं उघडत गेलं. इकडे एक उघडलं, आणि पुढे दार नव्हतं.

तेव्हा माझ्या मागण्या. फार नाहीत.

विभागाचा स्टुडिओ आठवड्यातून दोन रात्री उघडा ठेवा. विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि अर्ज करील त्या बाहेरच्या माणसालाही. यंत्र मोडेल ही भीती असेल तर सांगते, न वापरलेला माइक वापरलेल्या माइकपेक्षा लवकर मरतो. पुण्यामुंबईच्या दमट पावसाळ्यात कपाटात पडलेल्या माइकच्या पडद्यावर बुरशी धरते. तुमच्या भांडारात दुरुस्तीच्या नावाखाली टाकलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरपैकी चार चालू करून घ्या. ते दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत, दहा वर्षांनी नसतील. आणि एका सत्रात दोन श्रेयांक असे द्या ज्यांत विद्यार्थ्यानं काहीही ‘सादर’ करायचं नाही. खिडकीत माइक ठेवायचा, टेप करायचं, ऐकायचं, आणि आपल्याला आधी काय ऐकू आलं नव्हतं ते वहीत लिहायचं. गुण कसे द्यायचे, असं विचाराल. वही पाहून. ज्याच्या वहीत ‘काहीच राहिलं नव्हतं’ असं लिहिलेलं असेल तो नापास.

एक विनंती मात्र हात जोडून. कृपा करून ऑलिव्हेरोसना अभ्यासक्रमात घालू नका. घटक चौथा, ‘पाश्चात्त्य प्रायोगिक संगीत : जन्म, कार्य, योगदान, गुण १५’ असं काही करू नका. जूनमध्ये बाजारात गाइड येईल आणि ‘डीप लिसनिंग म्हणजे काय? थोडक्यात स्पष्ट करा’ याचं उत्तर मुलं पाठ करतील. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा करकरत असेल आणि तो एकालाही ऐकू येणार नाही.

‘आपल्याकडे एवढी मोठी परंपरा असताना हे परदेशी खूळ कशाला?’ हा प्रश्न बैठकीत येईल, मला माहीत आहे. ते खूळ परदेशी असेल तर सतारमेकर गल्लीत धागा सरकवून थांबणारा तो कारागीरही परदेशी म्हणावा लागेल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या मानांकनात लाकूड आहे, भोपळा आहे. धागा सरकवताना तो जे ऐकतो ते कुठल्या विषयात शिकवायचं, हे अजून आपण ठरवलेलं नाही.

ऑलिव्हेरोस शेवटपर्यंत शिकवत होत्या. एकविसाव्या शतकात ट्रॉय इथल्या रेन्सेलर तंत्रसंस्थेत. २००७ पासून त्यांच्या पुढाकारानं एक सॉफ्टवेअर तयार झालं. ज्या मुलांचे हातपाय चालत नाहीत, फक्त मान किंवा डोळे हलतात, त्यांनी कॅमेऱ्यापुढे जेवढं हलता येईल तेवढं हलायचं आणि त्यातून आवाज काढायचा. एका मित्राच्या मुलीबरोबर मी ते वापरून पाहिलं आहे. तिनं पहिल्यांदा मान वळवून घंटा वाजवली, मग थांबली, आणि पुन्हा वाजवायच्या आधी बराच वेळ ऐकत राहिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाई गेल्या.

माझ्या पाच पेट्या अजून घरी आहेत. एकीचा भाता फाटला होता, तो मी गेल्या दिवाळीत बदलून घेतला. दोघींचा गंधार उतरवून झाला आहे. खालच्या मजल्यावरचे काका रात्री दहानंतर काठीनं छत ठोकतात, त्यामुळे तिसरा सूर नीट ऐकायला एवढ्यात मिळालेला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या विभागात तीन रात्री मोकळ्या असतील तर मी पेट्या रिक्षातून आणते. चहाचा थर्मासही माझाच. किल्लीसाठी शिपाईमामांना थांबावं लागू नये, तेवढं बघा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मिरजेची, सध्या मुक्काम पुणे, एक ध्वनिमुद्रक

ता. क. मैना आणणार नाही. वन्यजीव कायद्यात बसत नाही. पण खिडकी उघडी ठेवू द्यावी. बाहेर साळुंक्या असतातच.